बिल्डरचे निव्वळ कर्ज आणि ग्राहकाचे देणे

गृहबांधणी कंपनीने घेतलेल्या सगळ्या कर्जांची बेरीज करायची आणि तिच्याजवळची रोकड व बँकेतल्या ठेवी त्यातून वजा करायच्या. जी रक्कम उरते तिला निव्वळ कर्ज म्हणतात. एखाद्या कुटुंबावर ४० लाखांचे गृहकर्ज असेल आणि बँकेत १० लाखांची मुदत ठेव असेल, तर त्याच्या डोक्यावरचे खरे ओझे ३० लाखांचे, इतका हा हिशेब सरळ आहे. कंपनीच्या बाबतीत तो तितका सरळ राहत नाही. कोणते कर्ज धरायचे, कोणती रोकड वजा करायची आणि कोणते देणे या आकड्यात येतच नाही, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय निव्वळ कर्जाचा आकडा काहीच सांगत नाही.

पनवेल आणि व्याजाचे घड्याळ

हा आकडा समजून घेण्यासाठी पनवेलसारखी जागा नाही. सिडकोच्या नियोजनाखाली येणारे नवी मुंबई विमानतळ प्रभावित क्षेत्र, म्हणजे ‘नैना’, २०१३ मध्ये अधिसूचित झाले. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका स्थापन झाली. १२ जानेवारी २०२४ रोजी या भागाला मुंबईशी जोडणाऱ्या अटल सेतूचे उद्घाटन झाले. या सगळ्या काळात शहराभोवतीच्या गावांमध्ये मोठमोठ्या वसाहती उभ्या राहत होत्या: खानावळ्याला गोदरेज सिटी, पळस्प्याजवळ मॅरेथॉन नेक्सझोन, कोनला इंडियाबुल्स ग्रीन्स, भोकरपाड्याला हिरानंदानी फॉर्च्यून सिटी.

अशा वसाहतीसाठी जमीन घेतली जाते तेव्हा तिथे भातशेती किंवा माळ असतो. जमीन एकत्र करणे, बिनशेती परवाना, आराखड्याची मंजुरी, पर्यावरण परवानगी, महारेरा या राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाकडे नोंदणी, मग पाया, स्लॅब, भोगवटा प्रमाणपत्र. पहिला रुपया घातल्यापासून शेवटच्या फ्लॅटचा ताबा देईपर्यंत सहज सात-आठ वर्षे जातात. हा काळ बहुतेक वेळा कर्जावर काढावा लागतो आणि व्याज कोणाची वाट पाहत नाही.

नवी मुंबई विमानतळाच्या कामाचा प्रारंभ १८ फेब्रुवारी २०१८ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाला. उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला प्रवासी विमाने उडू लागली. मधल्या काळात विमानतळ सुरू होण्याच्या तारखा अनेकदा पुढे गेल्या. विमानतळ आला की भाव वाढतील या हिशेबाने ज्याने उसन्या पैशावर जमीन घेतली, त्याला त्या प्रत्येक वर्षाचे व्याज भरावे लागले. स्वतःच्या पैशाने जमीन घेतलेला विकासक थांबू शकला. निव्वळ कर्जाचा आकडा मुळात हेच मोजतो: बाजार मंदावला, परवानगी लांबली, तर कंपनी किती काळ तग धरू शकेल.

ढोबळ कर्जात काय येते

वजाबाकीआधीच्या एकूण कर्जाला ढोबळ कर्ज म्हणतात. त्यात बँकांनी दिलेले बांधकाम कर्ज, बिगर-बँक वित्तसंस्थांची कर्जे, अपरिवर्तनीय कर्जरोखे, ओव्हरड्राफ्ट आणि प्रवर्तकांनी किंवा समूहातल्या इतर कंपन्यांनी दिलेल्या उचली येतात.

यातली बिगर-बँक संस्थांची कर्जे मोठी का असतात, याचे कारण नियमात आहे. खासगी बिल्डरला जमीन खरेदीसाठी कर्ज देण्यास रिझर्व्ह बँकेने बँकांना मनाई केली आहे. बँक बांधकामासाठी पैसे देते, जमिनीसाठी नाही. त्यामुळे प्रकल्पाच्या सगळ्यांत जोखमीच्या, परवानग्यांच्या आधीच्या टप्प्यावर विकासकाला वित्तसंस्था, कर्जरोखे किंवा खासगी गुंतवणूक निधी यांच्याकडे जावे लागते आणि तिथला व्याजदर बँकेपेक्षा बराच चढा असतो. म्हणून एकाच रकमेचे कर्ज असलेल्या दोन कंपन्या सारख्या नसतात. एकीचे कर्ज विकल्या गेलेल्या, चढत असलेल्या इमारतीवर असू शकते, तर दुसरीचे मोकळ्या माळावर.

कोणती रोकड वजा करायची

गृहप्रकल्पांचे नियमन करणारा रेरा कायदा २०१६ चा. त्यातल्या तरतुदींनुसार प्रत्येक प्रकल्पाच्या ग्राहकांकडून आलेल्या रकमेतले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. ती रक्कम त्याच प्रकल्पाच्या जमिनीवर आणि बांधकामावर खर्च करायची असते, आणि काम जितके पुढे सरकले असेल तितक्याच प्रमाणात काढता येते. त्यासाठी वास्तुविशारद, अभियंता आणि सनदी लेखापाल या तिघांची प्रमाणपत्रे लागतात. महारेराने १ जुलै २०२४ पासून हा नियम आणखी घट्ट केला. आता प्रत्येक प्रकल्पाला एकाच बँकेत तीन खाती लागतात: ग्राहकांचे सगळे पैसे जमा होणारे संकलन खाते, ७० टक्क्यांचे विभक्त खाते आणि उरलेल्या रकमेचे व्यवहार खाते.

कंपनी निव्वळ कर्ज काढते तेव्हा या खात्यांतली रक्कमही बहुधा ‘रोकड’ म्हणून वजा करते. पण पळस्प्याच्या प्रकल्पाच्या विभक्त खात्यातले पैसे ठाण्याच्या जमिनीवरचे कर्ज फेडायला वापरता येत नाहीत. सिडकोला किंवा महापालिकेला दिलेल्या बँक हमीपोटी अडकलेल्या मुदत ठेवींचेही तसेच आहे. त्या कंपनीच्या नावावर असतात, हातात नसतात. म्हणून काळजीपूर्वक वाचणारा दोन आकडे काढतो. एक कंपनीने जाहीर केलेला, दुसरा फक्त मोकळी रोकड वजा करून आलेला.

एका प्रकल्पाचा हिशेब

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पनवेलजवळ ४०० फ्लॅटचा प्रकल्प आहे आणि प्रत्येक फ्लॅट सरासरी ८० लाखांचा, म्हणजे एकूण विक्रीमूल्य ३२० कोटी. कंपनीवर ८० कोटींचे बांधकाम कर्ज, ३५ कोटींचे कर्जरोखे आणि ५ कोटींचा ओव्हरड्राफ्ट आहे. ढोबळ कर्ज झाले १२० कोटी. विभक्त खात्यात २४ कोटी, मोकळे ८ कोटी आणि हमीपोटी अडकलेली ठेव ३ कोटी, अशी एकूण ३५ कोटींची रोकड आहे.

जाहीर होणारे निव्वळ कर्ज ८५ कोटी. फक्त मोकळे ८ कोटी वजा केले तर ते ११२ कोटी. मालकांचे स्वतःचे भांडवल १४० कोटी असेल, तर कर्जाचे भांडवलाशी प्रमाण पहिल्या हिशेबाने ०.६१ आणि दुसऱ्या हिशेबाने ०.८. कंपनी तीच आणि दिवसही तोच, पण चित्र वेगळे.

आता पुढचा काळ पाहू. ४०० पैकी २४० फ्लॅट विकले गेले आहेत. त्यांची किंमत १९२ कोटी, त्यातले १०५ कोटी जमा झाले आणि ८७ कोटी यायचे आहेत. न विकलेल्या १६० फ्लॅटचे १२८ कोटी येतील. म्हणजे पुढे २१५ कोटी यायचे आहेत. बांधकामाला अजून ८० कोटी, विक्री, शुल्क आणि करांसाठी १५ कोटी, व्याजाला २० कोटी, असे ११५ कोटी जायचे आहेत. हातात उरतील १०० कोटी. त्यातून ८५ कोटींचे निव्वळ कर्ज फेडले की शिल्लक १५ कोटी.

समजा काम एक वर्ष लांबले आणि कर्ज तसेच राहिले. १२ टक्के दराने १२० कोटींवर वर्षाचे व्याज १४ कोटी ४० लाख होते. शिल्लक राहणारे जवळजवळ सगळे पैसे एका वर्षाच्या उशिरात गेले. ८५ कोटींचे कर्ज फार की थोडे, या प्रश्नाचे उत्तर ८५ या आकड्यात नाही. ते उरलेल्या कामात, उरलेल्या विक्रीत आणि वेळेत आहे.

आकड्याबाहेर राहणारे देणे

याच उदाहरणातली आणखी एक रक्कम पाहण्यासारखी आहे. ग्राहकांनी भरलेले १०५ कोटी निव्वळ कर्जात कुठेच दिसत नाहीत. ते बँकेचे कर्ज नाही, त्यावर मासिक व्याज नाही. तरीही ते देणेच आहे, कारण त्या बदल्यात कंपनीने २४० घरे द्यायची आहेत. या उदाहरणात ग्राहकांचे देणे निव्वळ कर्जापेक्षा मोठे निघते, आणि प्रत्यक्षातही अनेक गृहबांधणी कंपन्यांच्या ताळेबंदात हेच दिसते.

एप्रिल २०१८ पासून लागू झालेल्या ‘इंड एएस ११५’ या लेखा मानकानंतर भारतातल्या बहुतेक सूचीबद्ध विकासकांची विक्री घर पूर्ण होऊन ग्राहकाच्या हवाली होण्याच्या टप्प्यावर उत्पन्न म्हणून नोंदली जाते. तोपर्यंत आलेले पैसे ‘करार दायित्व’ या नावाखाली चालू देण्यांत बसतात. याचा दुसरा परिणाम असा, की एखाद्या वर्षाचा नफा त्या वर्षीच्या विक्रीचा नसतो, काही वर्षांपूर्वीच्या बुकिंगचा असतो. म्हणून कारखान्याच्या बाबतीत उपयोगी पडणारे कर्ज आणि नफ्याचे प्रमाण बिल्डरच्या बाबतीत फसवे ठरते. त्याऐवजी वर्षभरात ग्राहकांकडून प्रत्यक्ष किती वसुली झाली आणि बांधकामाचा खर्च जाऊन किती रोकड उरली, हे पाहावे लागते.

निव्वळ कर्जात न येणारी आणखीही देणी असतात. जमीन हप्त्यांनी घेतली असेल तर उरलेले हप्ते बहुधा ‘इतर देणी’ म्हणून राहतात. जमीनमालकाशी संयुक्त विकास करार असेल तर त्याचा वाटा घरांच्या किंवा विक्रीच्या टक्क्यांत द्यायचा असतो, कर्ज म्हणून नाही. भागीदारीत काढलेल्या संयुक्त कंपनीचे कर्ज मूळ कंपनीच्या एकत्रित ताळेबंदात ओळीने मिसळले जात नाही आणि तिच्यासाठी दिलेली हमी टिपणांमध्ये जाते. म्हणून वार्षिक अहवालातल्या ‘संभाव्य देणी’ या टिपणाकडे नजर टाकल्याशिवाय वाचन पूर्ण होत नाही.

एके काळी कर्ज लपवण्याचा आणखी एक मार्ग चालत असे. ‘ताबा मिळेपर्यंत ईएमआय नको’ अशा योजनांत गृहकर्ज ग्राहकाच्या नावावर निघे, पैसे बिल्डरला आधीच मिळत आणि मधल्या काळातले व्याज बिल्डर भरे. प्रत्यक्षात ते बिल्डरने घेतलेले कर्जच होते, फक्त त्याच्या ताळेबंदात नव्हते. बिल्डरने व्याज थांबवले की ग्राहकाच्या मागे बँक लागे. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्ये बांधकामाच्या प्रगतीआधी कर्जाची रक्कम देण्यावर बंधन आणले आणि राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेने जुलै २०१९ मध्ये गृहवित्त कंपन्यांना अशा योजनांपासून दूर राहण्यास सांगितले.

लोढा आणि गोदरेज: दोन वाटा

कर्ज कसे चढते आणि कसे उतरते याचे महाराष्ट्रातले ठळक उदाहरण लोढा समूहाचे. २०१० मध्ये या समूहाने वडाळ्याची सुमारे २२ एकर जमीन एमएमआरडीएकडून ४,०५३ कोटींच्या बोलीने मिळवली. २०१२ मध्ये लोअर परळची १७ एकरांची गिरणीची जागा डीएलएफकडून सुमारे २,७०० कोटींना घेतली. पुढच्या वर्षी लंडनच्या ग्रोव्हनर स्क्वेअरमधली कॅनडाच्या उच्चायुक्तालयाची इमारत घेतली. जमीन एकदम हाती आली, घरे हळूहळू विकली गेली. मार्च २०२१ अखेर भारतातल्या व्यवसायावरचे निव्वळ कर्ज सुमारे १६,००० कोटींवर होते आणि व्याजदर १२ टक्क्यांच्या घरात.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये मॅक्रोटेक डेव्हलपर्स या नावाने कंपनीने शेअर बाजारात प्रवेश केला. २,५०० कोटींच्या प्राथमिक भागविक्रीतले १,५०० कोटींपर्यंत कर्जफेडीसाठीच राखले होते. नोव्हेंबर २०२१ मध्ये संस्थागत गुंतवणूकदारांकडून आणखी ४,००० कोटी आणि मार्च २०२४ मध्ये ३,३०० कोटी उभे केले. मार्च २०२२ ला निव्वळ कर्ज सुमारे ९,३०० कोटींवर, पुढच्या मार्चला ७,००० कोटींच्या आसपास आणि मार्च २०२४ ला सुमारे ३,००० कोटींवर आले. व्याजदरही ९ टक्क्यांच्या आसपास उतरला. निव्वळ कर्ज भांडवलाच्या निम्म्याच्या आत ठेवण्याची मर्यादा कंपनीने स्वतःवर घालून घेतली.

इथे बारकाईने पाहावे अशी गोष्ट म्हणजे कर्ज दोन मार्गांनी उतरले: नवे भागभांडवल आणि घरांची वसुली. पहिला मार्ग शेअर बाजार तेजीत असतानाच उघडतो. दुसरा टिकाऊ असतो. २०२३-२४ मध्ये कंपनीची विक्री १४,५०० कोटींच्या आसपास गेली होती. विक्री नसती, तर भांडवल देणारेही पुढे आले नसते.

गोदरेज प्रॉपर्टीजची वाट उलट दिशेने सुरू झाली. जमीनमालकांशी संयुक्त करार करून, जमिनीत कमी पैसे गुंतवून ही कंपनी वाढली. पुढे तिने स्वतः जमिनी विकत घेण्यावर भर दिला. जमीन घेतली की पैसे जातात आणि घरांचे पैसे नंतर येतात, त्यामुळे विक्री विक्रमी असतानाही कर्ज वाढत गेले. मार्च २०२४ अखेर निव्वळ कर्ज सुमारे ६,२०० कोटी, भांडवलाच्या ०.६ पट होते. डिसेंबर २०२४ मध्ये कंपनीने ६,००० कोटी भागभांडवल उभे केले आणि मार्च २०२५ अखेर निव्वळ कर्ज ३,३०० कोटींच्या आसपास, भांडवलाच्या ०.२ पट झाले. वाढते निव्वळ कर्ज दर वेळी अडचणीचे लक्षण नसते. ते वाढीचेही असू शकते. फरक कळतो तो विक्री आणि वसुलीच्या आकड्यांवरून.

मुदत संपण्याचा धोका

कर्जाच्या रकमेइतकीच त्याची मुदत महत्त्वाची. फ्लॅटचे पैसे चार वर्षांत यायचे आणि कर्ज दोन वर्षांत फेडायचे, तर मधली दोन वर्षे कंपनी नव्या कर्जाने जुने फेडण्यावर जगते. जोपर्यंत कोणी नवे कर्ज देते, तोपर्यंत काही बिघडत नाही.

सप्टेंबर २०१८ मध्ये आयएल अँड एफएस या बिगर-बँक वित्तसमूहाची देणी थकली आणि ही साखळी तुटली. बाजाराने बिगर-बँक संस्थांना पैसे देताना हात आखडता घेतला, त्यांनी बिल्डरांना देताना. नोव्हेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने मुंबईच्या डीएचएफएल या गृहवित्त कंपनीचे संचालक मंडळ बरखास्त केले. वसईविरारपासून भांडुपपर्यंत प्रकल्प असलेली एचडीआयएल ही विकासक कंपनी २०१९ मध्ये दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेच्या कर्जाचा फार मोठा भाग याच समूहाकडे अडकल्याचे त्या सप्टेंबरमध्ये उघड झाले आणि लाखो ठेवीदारांच्या पैशावर निर्बंध आले. बिल्डरचे कर्ज बुडते तेव्हा त्याची झळ ज्यांनी त्याच्याकडे कधी फ्लॅट घेतला नाही अशांनाही बसते. त्याच वर्षी केंद्राने रखडलेले प्रकल्प पूर्ण करण्यासाठी ‘स्वामिह’ निधी जाहीर केला.

दिवाळखोरीत ग्राहकाचे स्थान काय, हा प्रश्न दिवाळखोरी कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीने सुटला. घर घेणाऱ्यांना बँकांप्रमाणे वित्तीय धनको मानले गेले आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१९ मध्ये ही तरतूद कायम ठेवली. आकड्याबाहेर राहणारे देणे कायद्याने अशा रीतीने देणे म्हणून मान्य केले.

फ्लॅट घेण्याआधी काय पाहावे

कंपनी सूचीबद्ध असेल तर दर तिमाहीच्या सादरीकरणात निव्वळ कर्ज, सरासरी व्याजदर, विक्री आणि वसुली मिळते. वसुली निव्वळ कर्जाच्या मानाने किती आहे आणि सलग चार-सहा तिमाहींत हे प्रमाण सुधारते की बिघडते, एवढे पाहिले तरी बरेच कळते. क्रिसिल, इक्रा, केअर या पतमापन संस्थांच्या टिपणांत येत्या वर्षात किती परतफेड आहे हेही लिहिलेले असते.

पनवेलमधले अनेक विकासक मात्र खासगी मर्यादित कंपन्या किंवा भागीदारी संस्था आहेत. तिथे समूहाच्या आकड्यापेक्षा त्या एका प्रकल्पाची कागदपत्रे उपयोगी पडतात. महारेराच्या संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक टाकला की प्रकल्पावरचा बोजा, विकलेल्या घरांची संख्या आणि तिमाही प्रगती दिसते. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात बँकेचा बोजा नोंदलेला आहे का, हे तलाठ्याकडून किंवा महाभूमीच्या संकेतस्थळावर तपासता येते. कंपनी असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तिच्या तारण नोंदींची यादी मिळते: कोणत्या वित्तसंस्थेकडे, किती रकमेसाठी आणि केव्हापासून.

प्रकल्प तारण असणे गैर नाही. बहुतेक प्रकल्प तसेच उभे राहतात. पण तारण असेल तर त्या विशिष्ट फ्लॅटसाठी वित्तसंस्थेचे ना-हरकत पत्र घ्यावे आणि पैसे महारेरात नोंदलेल्या खात्यातच भरावेत. किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम नोंदणीकृत कराराआधी घेण्यास विकासकाला मनाई आहे. करार झाल्यानंतर तो फ्लॅट विकासकाला गहाण टाकता येत नाही, आणि टाकलाच तर ग्राहकाच्या हक्काला बाधा येत नाही, असे रेरा कायद्याचे कलम ११ सांगते. हे संरक्षण नोंदणीकृत करार झालेल्यालाच मिळते. नुसत्या पावतीवर बुकिंग करून बसलेल्याला ते मिळत नाही.

निव्वळ कर्ज हा वित्तसंस्थांच्या देण्याचा आकडा आहे. घर घेणाऱ्याने त्याच्या शेजारी आणखी दोन आकडे ठेवावेत: आधीच्या ग्राहकांना द्यायची राहिलेली घरे आणि ती पूर्ण करायला लागणारा पैसा. प्रकल्पाची येणारी वसुली आणि मोकळी रोकड या खर्चाला व व्याजाला पुरून कर्ज फेडायलाही उरत असेल, तर कर्ज मोठे असूनही घराचा ताबा मिळण्याची शक्यता चांगली असते. ती पुरत नसेल, तर कर्ज लहान असूनही काम अडते.